कोणती लाईन?

आमच्या मळ्यात सगळ्यात जास्त चालणारा इंग्रजी शब्द कोणता, असं कोणी विचारलं तर लोक मोटर म्हणतील, नाहीतर मोबाईल. मी म्हणेन लाईन. मोटर म्हटलं की विहिरीवरची ती एकच वस्तू डोळ्यापुढं येते. लाईनीचं तसं नाही. दिवस उजाडल्यापासून दिवा मालवेपर्यंत ती इतकी सोंगं घेते की बहुरूप्यानं हात टेकावेत.

सकाळी चुलीपाशी पहिला प्रश्न असतो, "लाईन आली का?" ही वीज. न्याहारीच्या वेळी सालदार सांगत येतो, "अण्णा, तिसऱ्या गाळ्यातली लाईन फुटली." ही ठिबकची नळी. तेवढ्यात मजुरांचा मुकादम विचारतो, "आज किती लाईनी घेऊ?" या द्राक्षाच्या ओळी. कांद्याची ट्रॉली घेऊन गेलेल्या पुतण्याचा दुपारी फोन येतो, "लाईन लई मोठी हाये, आज काही नंबर लागत नाही." ही ट्रॅक्टरांची रांग. संध्याकाळी पारावर चौकशी होते, "त्यांचा धाकटा कोणत्या लाईनला लागला?" हा पोटापाण्याचा धंदा. आणि रात्री गावातली पोरं एकमेकांच्या कानात सांगतात की अमका अमकीवर लाईन मारू राहिला. ते कळायला दहावीसुद्धा लागत नाही.

एका दिवसात सहा लाईनी झाल्या. आणि गंमत अशी की कोणी कोणाला विचारत नाही, बाबा, यातली कोणती? समोरच्याला बरोबर कळतं. का कळतं, याचा मी बरीच वर्षं विचार केला नव्हता. तो करायची वेळ आमच्या घरात एका दुपारी आली. ती गोष्ट पुढं सांगतो. आधी ही लाईन आमच्याकडं आली कुठून ते सांगतो.

आमचं रान निफाड तालुक्यात, कादवेच्या काठाला. आमच्या आजीच्या तोंडी लाईन एकच होती, आगगाडीची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली आणि १८६५ साली थळघाटातली लाईन सुरू झाली, हे आम्ही शाळेत पाठ केलं. आजीला सनावळ्या माहीत नव्हत्या. तिला एवढंच माहीत होतं की लाईनीनं रानाचे दोन भाग केलेत. नाशिकरोड सोडल्यावर ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे, निफाड, उगाव, लासलगाव करत गाडी मनमाडला जाते. या सगळ्या टापूत जमिनीची ओळखच लाईनीवरून. "लाईनीखालचं रान", "लाईनीपल्याडची विहीर", "लाईनीकडची भावकी". पोरं गुरांमागं निघाली की आजीचं एक सांगणं ठरलेलं, "लाईनीकडं जाऊ नका रे."

आमच्या आत्याचे यजमान रेल्वेत पॉइंट्समन होते. सुट्टीत त्यांच्याकडं गेलो की ते स्टेशनातल्या गोष्टी सांगायचे. त्यांच्याकडून मी "लाईन क्लिअर" हा शब्द ऐकला. पुढच्या स्टेशनच्या मास्तरनं लाईन क्लिअर दिल्याशिवाय इकडून गाडी सोडायची नाही. मी विचारलं, "म्हणजे त्यानं फोनवर लाईन क्लिअर म्हटलं की झालं?" ते हसले. म्हणाले, "नुसतं म्हणून कसं चालंल? त्याबरोबर नंबर द्यावा लागतो. तो नंबर इकडं लिहून घ्यायचा. नंबर नाही तर लाईन क्लिअर नाही." त्या वेळी मला ते उगीचचं शास्त्र वाटलं. मास्तर मास्तराशी बोलतोय, मग पुन्हा नंबर कशाला? पुढं ते शब्द मला फार आठवले.

दुसरी लाईन मी पाहिली ती ७२ च्या दुष्काळात. मी बारा वर्षांचा होतो. आई-बाप दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. तिथं सुकडी मिळायची. रेशनवर मिलो यायचा, ती अमेरिकेची लाल ज्वारी. त्या दुकानापुढं लाईन लागायची. तोवर आमच्याकडं रांग हा शब्द होता, पंगत हा शब्द होता. पंगतीत बसलेल्याला वाढपी वाढत येतो. रांगेत उभं राहिलेल्याला निदान आपली पाळी येणार हे ठाऊक असतं. लाईनीत उभं राहिलेल्याला मात्र माल पुरेल की नाही याची खात्री नसते. हा फरक मला कोणी शिकवला नाही, पिशवी हातात धरून उभं राहिल्यावर आपोआप कळला. रॉकेलची लाईन, साखरेची लाईन, पुढं खताची लाईन. आजही युरियाला "रांग लागली" असं कोणी म्हणत नाही, लाईन लागली असंच म्हणतात. वारकऱ्यांनी मात्र आपला शब्द सोडला नाही. पंढरपुरात दर्शनाची बारीच असते. तासन्‌तास उभं राहूनही त्या शब्दात कटकट नाही.

शाळेत पाचवीपासून इंग्रजी सुरू झालं. मास्तर म्हणायचे, "स्टँड इन अ लाईन," आणि आम्ही ओटीवर उभे राहायचो. नंतर भूमितीत रेषा आली. तिला सुरुवात नाही, शेवट नाही, रुंदी नाही. ज्याला दोन टोकं आहेत तो रेषाखंड. मी मनात म्हणायचो, मग आमच्या बांधाला काय म्हणायचं? त्याला टोकं आहेत, रुंदीही आहे, आणि दर पावसाळ्यात ती रुंदी शेजाऱ्याच्या नांगरानं वीतभर कमी होते. बांधाची भूमिती कोणत्याच पुस्तकात नव्हती. जुनी अकरावी जाऊन नवी दहावी आली होती. १९७६ साली मी ती पास झालो आणि शाळेची लाईन तिथंच सुटली.

मग विजेची लाईन. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली झालं, पण आमच्या मळ्यापर्यंत खांब यायला पुढं बरीच वर्षं गेली. त्याआधी विहिरीवर मोट होती, मग तेलाचं इंजिन आलं. खांब रोवले, तारा ओढल्या, त्या दिवशी वडिलांनी मोटरीच्या पेटीला हळदकुंकू वाहिलं होतं. तेव्हापासून घरातली घड्याळं नावापुरती राहिली. लाईन येईल तेव्हा उठायचं, लाईन जाईल तेव्हा झोपायचं. भारनियमनाच्या काळात तर आठवडा दिवसाचा, आठवडा रात्रीचा, अशी पाळी लागायची. रात्री बारा वाजता बॅटरी आणि काठी घेऊन बारं द्यायला जायचं. आमच्या भागात ऊस आणि बागा दाट, त्यामुळं बिबट्याची वस्ती. एका हातानं पाणी वळवायचं आणि कान उसाकडं लावायचा. शहरातल्या माणसाला लाईन गेली म्हणजे पंखा बंद पडल्यासारखं वाटतं. आमच्याकडं लाईन आली म्हणजे भीती वाटण्याचेही दिवस होते, कारण ती रात्रीच यायची.

या विजेच्या लाईनीची म्हणून एक बोलीच तयार झाली. जंप तुटला, डीओ पडला, एक फेज गेला, डीपी जळाली. सरकारी कागदावर जो लाईनमन असतो तो आमच्यासाठी वायरमन. जावयाला बोलवावं तसं त्याला बोलवावं लागतं.

मग आली पाईपलाईन. विहिरींना पाणी कमी पडायला लागलं तसे लोक नदीवरून पाणी उचलायला लागले. चार-पाच किलोमीटरवरून पाईप गाडून पाणी आणणारी माणसं आमच्या तालुक्यात गावोगाव आहेत. पाईपलाईन एका बापानं करायची आणि पुढं चार भावांनी वाटून घ्यायची. जमिनीचं वाटप तलाठ्याच्या दप्तरात दिसतं, लाईनीचं वाटप दिसत नाही. मंगळवार तुझा, बुधवार माझा. ज्याचा वार लाईटच्या सुट्टीत गेला तो आठवडाभर तोंड वाकडं करून फिरतो. "आमची लाईन एक आहे" असं कोणी म्हणालं की समजायचं, या भावांचं अजून तुटलेलं नाही.

द्राक्षाची बाग आली तेव्हा रानालाही लाईनी पडल्या. ९ बाय ५ फुटावर लावली तर एकरी ९६८ झाडं बसतात. लागणीच्या आधी दोरी ताणून चुन्यानं आखणी करायची. एक ओळ वाकली तर तारा वाकतात, तारा वाकल्या तर पुढं ट्रॅक्टर अडतो. आता एप्रिलची खरड छाटणी असो की ऑक्टोबरची फळछाटणी, मजुरी लाईनीवर नाहीतर एकरावर ठरते. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या टोळ्यांचा मुकादम बागेत शिरतो तो लाईनी मोजतच.

हे सगळं होत असताना आमचे आपले शब्द हळूहळू बाजूला बसले. म्हाताऱ्याला ओट्यावर बसवावं तसे. आमच्या वडिलांच्या काळात रानातल्या प्रत्येक रेघेला तिचं तिचं नाव होतं. नांगरानं पडतं ते तास. पाभरीनं पडते ती काकर. पाणी धरायला पाडतात ती सरी, तिच्या बाजूचा उंचवटा तो वरंबा. विहिरीपासून पाणी नेतो तो पाट. खुरपायला बसलेली बाई आपल्या वाट्याला जी पट्टी धरते ती पात. दोन रानांच्या मधला तो बांध, दोन गावांच्या मधली ती शीव. घराघरांची असते ती आळी. जेवायला बसते ती पंगत. कागदावर रेघ, अक्षरांची ओळ, माणसांची रांग. गवंडी लावतो ती दोरी, सुतार मारतो ते सूत. आता या सगळ्यांच्या जागी लाईन घातली तरी काम भागतं. घर बांधायला घेतलं तर मिस्त्रीसुद्धा म्हणतो, "उद्या लाईनआऊट मारू."

काम भागतं म्हणून मी कधी तक्रार केली नाही. शब्द हा खुरप्यासारखा असतो, जो हाताला बसतो तो माणूस उचलतो. इंग्रजी शब्द आला म्हणून मराठी बुडाली, असं भाषण करणाऱ्यांपैकी मी नाही. मोटरीला मी मोटरच म्हणतो. पण एक दुपार अशी आली की या शब्दाचं मला भय वाटायला लागलं.

मे महिना होता. आदल्या दिवशी वळवाचं वादळ झालेलं. खरड छाटणी होऊन बाग फुटायला लागली होती, तिला पाणी तोडून चालत नाही. सकाळी पाहिलं तर आमच्या खांबावरचा जंप तुटलेला. वादळानं दहा गावांत खांब पडलेले, वायरमन एक. तो बिचारा कुठं कुठं पुरणार? फोन लागत नव्हता. आमचा चुलतभाऊ अशा कामात हुशार. खांबावर चढणं त्याला नवं नव्हतं. असं कोणी चढू नये, हे मी आज शंभरदा सांगेन, पण त्या काळी गावोगाव एक तरी असा माणूस असायचाच आणि लोक त्याच्या भरवशावर पिकं काढायचे.

त्यानं डीपीच्या पेटीतला दांडा खाली ओढला, आपल्या सोळा वर्षांच्या पोराला पेटीपाशी उभं केलं आणि सांगितलं, "मी म्हणेपर्यंत हात लावायचा नाही." कंबरेला दोर बांधून तो खांबावर चढला. डीपीपासून तो खांब शे-दीडशे पावलांवर, आणि मध्ये बाग. पोराला बाप दिसत नव्हता, फक्त आवाज ऐकू यायचा.

बागेच्या पलीकडच्या अंगाला सालदार दुसऱ्याच कामाला लागलेला. वादळात मांडवाची फांदी पडून ठिबकचा पाईप फुटला होता. उंचावरच्या हौदातून त्या पाईपला पाणी उतरायचं. सालदारानं पाईप जोडला आणि हौदावर बसलेल्या माणसाला मोठ्यानं हाक दिली, "लाईन जोडली! सोडा लाईन!"

हौदावरच्यानं व्हॉल फिरवला. डीपीपाशी उभ्या पोरानं दांडा वर केला.

दोघांनीही ऐकलं ते बरोबरच केलं. सालदार खोटं बोलला नव्हता, त्याची लाईन खरोखर जोडली गेली होती. पोरगं बेसावध नव्हतं, उलट ते कान देऊन उभं होतं. शब्दही एकच होता. फक्त एकाच्या डोळ्यापुढं पाणी होतं आणि दुसऱ्याच्या डोळ्यापुढं वीज.

खांबावरून आवाज आला तो माणसाचा वाटत नव्हता. पोरानं लगेच दांडा ओढला. आम्ही धावलो तेव्हा चुलतभाऊ दोरावर लोंबकळत होता, मान एका बाजूला. दोर होता म्हणून खाली पडला नाही. शिडी लावून चौघांनी त्याला उतरवलं. हात काळा पडलेला. श्वास चालू होता. गाडीत घालून आधी तालुक्याला, तिथून नाशिकला. तीन आठवडे तो दवाखान्यात होता. देवाची कृपा म्हणा, नाहीतर त्या पोराच्या हाताची चपळाई म्हणा, माणूस वाचला. डाव्या हाताची दोन बोटं मात्र आजही मिटत नाहीत. घडाची विरळणी करायला कात्री घेतो आणि पाच मिनिटांनी ठेवून देतो.

त्या पोराचं काय झालं असेल, याचा विचार करा. महिनाभर ते कोणाशी बोललं नाही. सालदार तर पोतं-पासोडी घेऊन निघालाच होता, आम्ही त्याला धरून ठेवला. चुलतभाऊ घरी आला, खाटेवर बसला आणि त्यानं दोघांना पुढ्यात बोलावलं. आम्हाला वाटलं, आता हा काहीतरी बोलणार. तो एवढंच म्हणाला, "तुमचं दोघांचंही चुकलं नाही रे. तो शब्दच कोणाच्या मालकीचा नव्हता." घरातल्या बाया डोळ्याला पदर लावून बसल्या होत्या. मला त्या वेळी आत्याच्या यजमानांचा नंबर आठवला. लाईन क्लिअर म्हटल्यावर पुन्हा नंबर कशासाठी द्यायचा, ते मला चाळीस वर्षांनी समजलं. जिथं माणसाला माणूस दिसत नाही, तिथं नुसत्या शब्दावर जीव टांगायचा नसतो.

मग माझ्या ध्यानात आलं की इतकी वर्षं आम्हाला लाईन कळत होती ती शब्दामुळं नाहीच, ती डोळ्यामुळं. बाई चुलीपाशी उभी राहून विचारते तेव्हा वीज, मुकादम बागेत उभा राहून विचारतो तेव्हा ओळ. शब्दाचा अर्धा अर्थ बोलणाऱ्याच्या पायाखाली असतो. पाय दिसले नाहीत की उरलेल्या अर्ध्यावर भागवावं लागतं. घरात, पारावर, तेवढं चालून जातं. खांबावर चालत नाही.

त्या वर्षापासून आमच्या मळ्यात कायदा झाला. कामाच्या वेळी लाईन शब्द बंद. विजेला करंट म्हणायचं, पाण्याला पाणी म्हणायचं, झाडांच्या लाईनीला ओळ म्हणायचं. आणि ऐकणाऱ्यानं ऐकलेलं तसंच्या तसं मोठ्यानं परत म्हणायचं. "करंट सोडू का?" "सोड करंट." पाहुण्यांना हे ऐकून हसू येतं. आम्हाला येत नाही. यातला करंट इंग्रजीच आहे, हे मला ठाऊक आहे. आम्हाला शुद्ध शब्द नको होता. ज्याचा त्याला शब्द हवा होता.

ते पोरगं दहावीनंतर आयटीआयला गेलं, तेही वायरमनच्याच ट्रेडला. घरात सगळ्यांनी विरोध केला, बाप एकटा म्हणाला, जाऊ द्या. आज ते ठेकेदाराकडं विजेच्या कामावर आहे. कोणी फोनवर "लाईन बंद आहे, चढ" म्हणालं तर चढत नाही. कोणती, कुठून कुठपर्यंत, कोणी बंद केली, पेटीला कुलूप कोणाचं, एवढं विचारतं, तारेला टेस्टर लावतं, आणि मग चढतं. सोबतची पोरं त्याला म्हातारा म्हणून चिडवतात. मला ते ऐकून बरं वाटतं.

माझी एक पुतणी पुण्याला शिकते. तिला मी एकदा म्हटलं, त्या मोठ्या डिक्शनरीत जरा पाहा, ही लाईन मुळात कोण? तिनं पाहून सांगितलं. लॅटिन भाषेत लिनम म्हणजे जवस. जवसाच्या काडीपासून जो धागा निघतो त्याच्या दोरीला लिनिया म्हणत. त्याचंच पुढं लाईन झालं. लिननचं कापड, कपड्याचं लायनिंग, सगळं त्याच एका झाडाचं. मी थक्क झालो. जवस! आमच्या आईनं जन्मभर जवसाची चटणी वाटली. हरभऱ्याच्या कडेनं दोन ओळी जवस असायचा, निळी फुलं यायची. आम्ही तेलासाठी पेरत होतो, तिकडच्या लोकांनी त्याचा धागा काढला आणि त्या धाग्यानं जग मोजलं. म्हणजे सगळ्या रानभर पसरलेला हा शब्द मुळात रानातूनच गेलेला.

आणि आपल्याकडं तरी वेगळं काय झालं? सूत म्हणजे धागा. मग सुतारानं मारलेली सरळ रेघही सूत. दोन माणसांचं जमलं की सूत जुळलं. गणितातलं सूत्र त्याच धाग्याचं, नाटकातला सूत्रधारही त्याचाच. धागा हातात आला की माणसाला सगळं त्यानंच बांधावंसं वाटतं, मग तो इंग्रज असो की मराठी. म्हणून लाईन या शब्दावर माझा राग नाही. गरिबाघरचं पोर मोठं होऊन सगळीकडं राबायला लागलं, तसं त्याचं झालं.

एका लाईनीनं मात्र मनाला अजून टोचणी लावलेली आहे. ती म्हणजे "कोणत्या लाईनला?" मेडिकल लाईन, कॉम्प्युटर लाईन, हॉटेल लाईन, ड्रायव्हर लाईन. पोलीस लाईनला लागला आणि पोलीस लाईनीत राहतो, यातलाही फरक लोकांना बरोबर कळतो. गेल्या वर्षी पुतण्यासाठी स्थळं पाहत होतो. मुलगा बी.एस्सी. ॲग्री, सात एकर बाग, पाण्याची सोय, निर्व्यसनी. मुलीच्या मामांनी विचारलं, "मुलगा कोणत्या लाईनला?" पुतण्याचे वडील म्हणाले, "शेती लाईनला." मामांनी कप बशीत ठेवला, म्हणाले, "नोकरी लाईनचं पाहत होतो आम्ही." चहा गोड होता, बोलणंही गोड होतं. आम्ही निघालो.

वाटेत मी विचार करत होतो. आमच्या वडिलांना कोणी असं विचारलं असतं तर त्यांना प्रश्नच कळला नसता. शेती ही त्यांची लाईन नव्हती. शेती होती आणि ते होते. तिला लाईन म्हटलं की ती बाकीच्या लाईनींच्या शेजारी जाऊन उभी राहते, आणि मग माणसं साहजिकच विचारतात, यातली पुढं कोणती सरकते? कांद्याला भाव नसला, गारपीट झाली, की आमची लाईन जागची हालत नाही हे सगळ्यांना दिसतं. मामांचं तरी काय चुकलं? त्यांनाही त्यांच्या रानात तेच दिसत असणार. पण तिथंही शब्दानं आमचा घात केला असं मला वाटलं. विचारायला हवं होतं, मुलगा काय करतो? मग आम्हाला सांगता आलं असतं की पहाटे चारला उठून बागेत पान पाहतो, करपा कुठं आला ते हातानं चाचपतो, औषधाचा हिशोब वहीत लिहितो, आजीला बाजारच्या दिवशी दवाखान्यात नेतो. "शेती लाईनला" या उत्तरात यातलं काहीच मावलं नाही. पुतण्याचं लग्न यंदा वैशाखात झालं. त्या मुलीच्या वडिलांनी लाईन विचारली नाही. ते सरळ बागेत आले, एका ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, मातीत बोट घातलं आणि म्हणाले, "पाणी बरोबर ठेवलंय पोरानं."

नव्या लाईनी येतच राहणार. आता ऑनलाईन आहे. सातबारा ऑनलाईन, पीकविमा ऑनलाईन, पिकाची नोंदही मोबाईलवरच्या ई-पीक पाहणीत. म्हातारी माणसं केंद्रावर जाऊन विचारतात, "आमचं ऑनलाईन झालं का?" आणि त्या ऑनलाईनसाठी बाहेर पुन्हा लाईनीत उभी राहतात.

यंदाच्या छाटणीला सुरगाण्याकडून नवीन टोळी आली. त्यातला एक तरुण आमच्याकडं वर्षासाठी सालदार म्हणून राहिला. पहिल्या दिवशी चुलतभावानं त्याला विहीर दाखवली, हौद दाखवला, डीपी दाखवली. प्रत्येक ठिकाणी थांबून विचारलं, "याला काय म्हणायचं?" पोरगा गोंधळला, पण सांगत गेला. हौदापाशी म्हणाला, पाणी. बागेत म्हणाला, ओळ. डीपीपाशी त्यानं चुलतभावाच्या न मिटणाऱ्या बोटांकडं पाहिलं आणि जरा थांबून म्हणाला, "करंट." चुलतभाऊ म्हणाला, "मोठ्यानं म्हण." त्यानं मोठ्यानं म्हटलं. मग त्याला जेवायला बसवलं.